आधी ऐका, मग गोष्ट सांगा

आमच्या सिंधुदुर्गात माणसाच्या मनावर दडपण आलं की त्याला आधी डॉक्टर आठवत नाही, गावचा देव आठवतो. मालवण, वेंगुर्ला, कुडाळ, देवगड, कुठल्याही गावात जा. रवळनाथाच्या नाहीतर सातेरीच्या देवळात कुणी ना कुणी गाऱ्हाणं घालायला आलेलं असतं. गावकर किंवा घाडी देवासमोर उभा राहतो, घराचं नाव घेतो, अडचण मोठ्याने सांगतो आणि मागे उभी असलेली माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. झोप उडालेल्या, धंद्यात बुडालेल्या, पोरगा हाताबाहेर गेलेल्या माणसाचं दुःख तिथे चारचौघांत उच्चारलं जातं आणि ते ऐकणारे त्याला होकार देतात. ही रीत मी अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणार नाही. आपलं दुःख कुणीतरी ऐकलं, एवढ्याने माणसाचा अर्धा जीव परत येतो, हे आपल्या पूर्वजांना कळलं होतं.

खरी गडबड त्यानंतर होते. कौल घेतला जातो, नाहीतर कुणी ‘जाणता’ गाठला जातो आणि दुःखाला कारण पाहिजे म्हणून एक गोष्ट जुळवली जाते. जागेवाल्याचा, म्हणजे जागेच्या राखणदाराचा, मान राहिला. भावकीतल्या अमक्याने काहीतरी केलं. सून आली तेव्हा तिच्याबरोबर माहेरचं काहीतरी आलं. मान राहिल्याची गोष्ट नारळावर मिटते, तिच्याने फारसं कुणाचं वाकडं होत नाही. पण ज्या गोष्टीत गुन्हेगार म्हणून जिवंत माणूस उभा केला जातो, ती दोन घरांच्या मधली पाणंद कायमची बंद करते. आणि तो गुन्हेगार म्हणजे बहुतेक वेळा विधवा, मूल नसलेली बाई, नाहीतर नवी सून, म्हणजे जिला उलट बोलता येत नाही अशीच कुणीतरी असते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि त्यांचा खून झाल्यावर तो आधी अध्यादेशाच्या रूपाने आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, अमका करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हे सगळं त्या कायद्याने गुन्हा आहे. पण पडवीतल्या कुजबुजीपर्यंत कायद्याचा हात पोचत नाही. तिथे आपल्यालाच पोचायला हवं.

दुसरी एक गोष्ट घराघरांत सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्यांना आपण काही चुकतो आहोत असं वाटतही नाही. सून रडत बसली की तिला सांगायचं, सीतामाईनं काय कमी सोसलं? नवरा दारू पिऊन हात उचलतो असं तिने सांगितलं की तारामतीचं उदाहरण तयार असतं. नापास झालेल्या मुलाला रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठा झालेल्या कुणाची तरी गोष्ट ऐकवायची. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मला त्यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानावर एवढंच पडतं, की तू गप्प बस. त्या बाईला आपलं काय होतंय हे सांगायचं होतं. तिचं सांगणं पुरं होण्याआधी आपण सीतेला मध्ये आणलं आणि सीतेच्या आडून तिचं तोंड बंद केलं.

म्हणून मला एकच सांगायचं आहे. गोष्टीने माणूस सावरतो हे खरं, पण गोष्टीनेच माणूस गाडलाही जातो. दुखावलेल्या माणसाचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय त्याला गोष्ट सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि ज्या गोष्टीत त्याला पुढचं पाऊल टाकायला जागाच नाही, अशी गोष्ट सांगणं हा त्याहून मोठा अन्याय आहे.

हा विचार परदेशातून आणावा लागत नाही, आपल्या महाभारतात तो आहे. वनपर्वातला युधिष्ठिर आठवा. द्यूतात राज्य गेलं, भरसभेत द्रौपदीची विटंबना झाली, अर्जुन अस्त्रं मिळवायला दूर गेलेला. अशा वेळी बृहदश्व ऋषी येतात. युधिष्ठिर त्यांच्यापुढे मन मोकळं करतो आणि स्वतःच विचारतो, माझ्याहून अभागी राजा तुम्ही कधी पाहिला किंवा ऐकला आहे का? त्या प्रश्नानंतर बृहदश्व नळाची कथा सांगतात. कथा प्रश्नाच्या पाठीमागून आली, आधी नाही. ती निवडलीही किती विचाराने! नळसुद्धा फाशांनीच देशोधडीला लागलेला. त्यानेही बायकोला दुःखाच्या खाईत लोटलेलं. म्हणजे युधिष्ठिराला ज्या गोष्टीची लाज वाटत होती, तीच दुसऱ्याच्या आयुष्यात घडलेली त्याच्यासमोर ठेवली, आणि त्यातून परत येण्याची वाटही दाखवली. यापुढचा भाग आपण नेहमी विसरतो. कथा संपल्यावर बृहदश्व ‘शुभं भवतु’ म्हणून निघून गेले नाहीत. त्यांनी युधिष्ठिराला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकवली. पुन्हा कुणी खेळायला बोलावलं तर हरण्याची धास्ती राहू नये म्हणून. ऐकणं, गोष्ट आणि हाताला विद्या, या तिन्ही पायऱ्या व्यासांनी एकाच प्रसंगात मांडून ठेवल्या आहेत.

त्याच वनपर्वात मार्कंडेय ऋषी सावित्रीची कथा सांगतात, तीही युधिष्ठिराने द्रौपदीसारखी स्त्री कुणी झाली का असं विचारल्यावर. ती सावित्री आपण वटपौर्णिमेला जिच्या नावाने वडाला दोरा गुंडाळतो तीच, पण ग्रंथातली बाई केवढी करारी आहे! वडील म्हणाले म्हणून ती रथात बसून स्वतः नवरा शोधायला निघाली. सत्यवानाला वर्षभराचंच आयुष्य आहे हे नारदांनी सांगितल्यावरही तिने निवड बदलली नाही. यमाच्या मागे चालत जाऊन तिने बोलण्यात त्याला जिंकलं. सासऱ्याचे डोळे आणि राज्य, वडिलांना पुत्र, आणि शेवटी नवऱ्याचा जीव तिने बोलून मिळवला. सोसायला शिकवण्यासाठी आपण जिची गोष्ट सांगतो, ती खरं तर ठामपणे बोलणाऱ्या बाईची गोष्ट आहे. कथा तीच असते, पण ती कोण कुणाला कशासाठी सांगतो यावर तिचं औषध होतं की बेडी, हे ठरतं.

अलीकडच्या काळात मानसोपचारात हाच धागा शास्त्रशुद्ध रीतीने उचलला गेला. नोसरत पेझेश्कियान हे इराणात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ जर्मनीत काम करत. पौर्वात्य कथा आपल्या रुग्णांना सांगून त्यांना नव्या बाजूने विचार करायला कसं लावता येतं, यावर त्यांनी १९७९ साली पुस्तकच लिहिलं. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं असं, की समुपदेशकाने गोष्ट सांगण्यापेक्षा माणूस स्वतःविषयी कुठली गोष्ट धरून बसला आहे ते आधी ऐकावं. ‘मी नालायक आहे’, ‘माझं नशीबच फुटकं’ हीसुद्धा गोष्टच असते, आणि ती बऱ्याचदा दुसऱ्यांनी त्याच्या तोंडात घातलेली असते. माणूस म्हणजे अडचण नव्हे, अडचण ही माणसापासून वेगळी आहे, हे त्यांच्या पद्धतीचं मूळ सूत्र.

हे सूत्र डोळ्यांनी पाहायचं असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं. तिथला ठाकर समाज चित्रकथीची परंपरा सांभाळून आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रांचा एकेक संच म्हणजे एकेक पोथी. कथेकरी पोथीतलं एक चित्र समोर उभं करतो, वाद्याच्या साथीने त्यातला प्रसंग गाऊन सांगतो, मग ते बाजूला ठेवून पुढचं उभं करतो. सांगणारा आणि ऐकणारे एकमेकांच्या तोंडाकडे रोखून पाहत नाहीत, सगळे मिळून चित्राकडे पाहतात. राजाचा मोह, राणीचा विलाप, युद्धातला मृत्यू, सगळं कागदावर, आपल्या बाहेर. जे स्वतःच्या बाबतीत बोलायला जीभ रेटत नाही, ते चित्रातल्या माणसाविषयी सहज बोलता येतं. पाठोपाठ आणखी एक गोष्ट कळते, की हे चित्र शेवटचं नाही, पोथीत याच्यापुढेही चित्रं आहेत.

महाराष्ट्रात या वाटेने प्रत्यक्ष काम झालेलं आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ भागात २०१३ पासून ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम चालवला. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या बायाबापड्यांना ऐकून घ्यायचं आणि धीर द्यायचं प्रशिक्षण दिलं. त्यांच्या मोबाइलमध्ये लहान लहान फिल्म दिल्या. घरातली मारहाण, दारू, बेकारी अशा रोजच्या दुःखांवरच्या त्या गोष्टी, तिथल्याच बोलीत. चार बाया अंगणात बसून फिल्म बघायच्या आणि त्यातल्या बाईविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलायला लागायच्या. मानसोपचारतज्ज्ञाची वाट बघत बसलो असतो तर ती बोलणी झालीच नसती.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘संगाथ’ने दाखवून दिलं, की मानसोपचाराची पदवी नसलेले पण नीट प्रशिक्षण मिळालेले समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या रुग्णांना खरोखर बरं करू शकतात. त्यांचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तर आज्ज्यांनाच हे काम शिकवलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आजी बसते, मन जड झालेला माणूस तिच्या शेजारी बसतो, आणि आजी आधी ऐकते. बांदा-सातार्डा ओलांडलं की गोवा. जे तिथे जमतं ते आमच्या आरोग्य केंद्रांत का जमू नये?

आता आमच्या किनाऱ्यावर या. समजा, देवबाग-तारकर्लीच्या बाजूला एक होडीवाला आहे. सलग दोन मोसम मासळी लागली नाही, कर्ज अंगावर आहे. होडी वर ओढून ठेवली आहे, माणूस कुणाशी बोलत नाही, संध्याकाळी पितो. येणारा-जाणारा सांगतो, ‘मनाक लावून घेव नको.’ हा सल्ला देणाऱ्याला मोकळं करतो, घेणाऱ्याला नाही. अशा माणसाजवळ वाडीतला एखादा समजूतदार म्हातारा बसला तर तो काय करील?

‘अरे झिला, कितके दिस झाले झोप नाय?’ एवढंच विचारील. आणि मग थांबेल. मध्ये नुसतं ‘मगे?’ म्हणेल. होडीवाला सांगेल, सगळं आपल्याच नशिबाक इला, आपल्याच्यान काय एक होणा नाय. तोही ऐकून घेईल. मग एक प्रश्न विचारील: ‘एवढ्या वायट दिसांत तू जाळी इकलंस नाय. ती कित्याक ठेवलंस?’

या प्रश्नात सगळी विद्या आहे. ‘मी संपलो’ या गोष्टीत जाळ्यांना जागा नव्हती. जाळी ठेवली म्हणजे या माणसाच्या आत आणखी एक माणूस आहे, ज्याने अजून हार मानलेली नाही. त्याची गोष्ट त्याच्याच तोंडून काढायची. ती बाहेर आली की मग म्हाताऱ्याने आपल्या उमेदीतल्या एखाद्या वाईट वर्षाची गजाल सांगावी, हवं तर नळाची कथा सांगावी. आता ती कानाआड जाणार नाही.

त्यानंतरची पायरी अक्षहृदयाची. त्याच्याबरोबर मच्छीमार सोसायटीत जावं, बँकेत हप्त्यांचं बोलावं, दारू सोडायची तर डॉक्टरांकडे न्यावं. आणि हेही स्पष्ट सांगावं, की मासळी न लागणं हा त्याच्या नशिबाचा दोष नाही. पर्ससीन जाळ्यांशी आणि एलईडीच्या उजेडात चालणाऱ्या मासेमारीशी मालवण किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं झगडत आहेत. फयान, तौक्ते यांसारखी वादळं होड्यांची मोडतोड करून गेली. ज्याचं दुःख समुद्रात आणि सरकारी धोरणात आहे, त्याला फक्त मन घट्ट करायला सांगणं म्हणजे त्याच्या अंगावर दुसऱ्याचं ओझं टाकणं. प्रामाणिक गोष्ट कारणाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते.

आमचा किनारा एका जातीचा, एका धर्माचा कधीच नव्हता. गाबीत आहेत, दालदी मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, भंडारी, मराठा, दलित आहेत. कोकणातल्या ट्रॉलरवर आज नेपाळपासून कर्नाटकापर्यंतचे खलाशी राबतात, ते महिनोन्महिने घरापासून दूर असतात. या प्रत्येकाला आपल्याच पुराणातली कथा ऐकवायची हा दांडगेपणा होईल. नेपाळच्या पोराला विचारावं, तुझ्या गावाकडे अशा वेळी म्हातारी माणसं काय सांगतात? ज्याच्या समाजाने एकलव्याचा अंगठा आपल्याच हातावरून गेलेला सोसला आहे, त्याला गुरुभक्तीचं उदाहरण म्हणून एकलव्य सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या मनाला विचारावं, मी सांत्वन करतो आहे की जखमेवर मीठ चोळतो आहे? ज्याचं दुःख आहे त्याच्याच घरातली गोष्ट शोधायची, हा संस्कृतींच्या सीमा ओलांडण्याचा सरळ मार्ग आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हेच केलं. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या अवतारकथा त्यांनी घेतल्या आणि त्या हरलेल्यांच्या बाजूने पुन्हा सांगितल्या. पाताळात गाडलेला बळी शेतकऱ्यांचा न्यायी राजा झाला. ‘तुझी पायरी खालचीच’ ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या समाजाच्या हातात त्यांनी दुसरी गोष्ट दिली आणि त्या समाजाची मान वर झाली. मन सावरण्याचं काम आणि समाज सुधारण्याचं काम ही दोन वेगळी कामं नाहीत, हे आपल्याला जोतीरावांनी शिकवलं.

आणि अवतारकथा म्हटल्या की आमचा दशावतार आलाच. जत्रांचे दिवस सुरू झाले की रात्र-रात्र देवळासमोर आख्यानं रंगतात. पहाटेपर्यंत म्हातारेकोतारे, बाया, पोरं जागतात. दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद तो उभ्याउभ्या रचतो. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं ज्यांच्याविषयी म्हटलं जातं, त्या कलावंतांना ऐश्वर्य आणि हलाखी यांच्यातलं अंतर कुणी शिकवायला नको. म्हणून माझी दशावतारी कंपन्यांच्या मालकांना आणि नटांना हात जोडून विनंती आहे. संवाद तुमच्या जिभेवर आहे. सावित्री उभी कराल तेव्हा यमाशी वाद घालणारी उभी करा. दुःखी राजाला उपदेश करणारा ऋषी रंगवाल तेव्हा त्याने आधी राजाचं ऐकलेलं प्रेक्षकांना दिसू द्या. गावाने पाहिलेलं गाव बोलतं, आणि बोललेलं एक दिवस वागतं.

गोष्टीच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो आठवडाभर जेवत-झोपत नाही, जो जीव द्यायचं बोलतो, त्याला गजालीने बरं करायला बसणं हा गुन्हाच आहे. त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्या, गरज पडली तर रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. दूर जाता येत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची सरकारी सेवा २०२२ पासून दिवसरात्र मोफत मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर असं म्हटलं आहे, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा न करता उपचार आणि आधार द्यायचा. कायद्याला जी माणुसकी सुचली ती आपल्या वाडीला सुचू नये, हे बरोबर नाही.

गोळ्या चालू असताना मात्र गोष्ट थांबवू नये. मनाचं औषध घेणाऱ्याला गाव ‘पिसो’ म्हणतं तेव्हा त्या एका शब्दात त्याची पुरी गोष्ट संपवलेली असते. तो चांगला सुतार होता, भजनात पखवाज वाजवायचा, भाचीच्या लग्नात राबला होता, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना सतत आठवून देणारं कुणीतरी हवं.

हे सगळं करायला मोठी योजना लागत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार आणि एक बंद दाराची खोली लागेल. आशाताई, अंगणवाडी सेविका, एखादी निवृत्त शिक्षिका, पिंगुळीचा एखादा चित्रकथी, दशावतारातला एखादा जुना नट यांना ऐकण्याचं नीट प्रशिक्षण द्यावं लागेल. इथे ऐकलेलं बाहेर जाणार नाही, असा शब्द त्यांच्याकडून घ्यावा लागेल. गावच्या मानकऱ्यांनी आणि घाड्यांनी एक नियम करावा: गाऱ्हाण्यात अडचण सांगायची, पण जिवंत माणसाचं नाव गुन्हेगार म्हणून उच्चारायचं नाही, आणि कौल घेऊन झाला की त्या माणसाला दवाखान्यातही पाठवायचं. ग्रामसभेत आरोग्य केंद्रातली ती दुपार आणि गाऱ्हाण्याचा हा नियम, असे दोन ठराव यंदा प्रत्येक गावाने मांडावेत. विरोध होईल, तो शांतपणे ऐकून घ्यावा, कारण विरोध करणाऱ्याच्या मनातही बहुतेक वेळा एखादं जुनं भय असतं. आणि ज्या घरात आज कुणी गप्प झालं आहे, त्या घराने ग्रामसभेची वाट पाहू नये. आज जेवणं झाल्यावर त्याच्या शेजारी बसावं, ‘काय झाला?’ म्हणून विचारावं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत सीता, तारामती आणि आपला अनुभव, सगळं बाजूला ठेवावं.